मोहाखालची झाडलेली जागा

२२ फेब्रुवारी २०१६, माघ पौर्णिमा

आज सकाळी बुद्धवंदना झाल्यावर घरातल्या चारही आगपेट्या नाल्यात सोडून दिल्या. नाल्याला घोटाभरच पाणी आहे, त्यामुळे त्या वाहून गेल्या नाहीत, दगडाला अडकून बसल्या. पण त्याग तो त्याग.

कारण लिहून ठेवतो. माझी आई बायजाबाई या घरात अकरा वर्षे एकटी राहिली. लाइट नाही, गॅस नाही. संध्याकाळी चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवायची, सकाळी फुंकून जागा करायची. आगपेटी लागायचीच नाही. आता आपणही तसेच राहायचे. मी, बेबी आणि आमची तृप्ती.

तुमसरची राइस मिल बावीस वर्षांनी सोडली. वय एकोणपन्नास. नाकाडोंगरीपासून चार किलोमीटर आत, जंगलाला लागून बापाची दीड एकर जमीन आणि हे कवेलूंच्या छपराचे घर. आई गेल्यापासून दोन वर्षे बंद होते. साधे जीवन, शुद्ध हवा, टेन्शन शून्य. तृप्तीची बारावी गेल्या वर्षीच झाली आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे. जंगलात जे शिकता येते ते नर्सिंगमध्ये नाही, हे तिला हळूहळू पटेल.

बेबी म्हणाली, "माय जिती होती तवा या घराची आठवन नाई आली तुमाले." बायकांच्या बोलण्याला पूर्वापर संदर्भ नसतो. आईला इथे फार आवडायचे.

२५ फेब्रुवारी

निखारा विझला. राख जास्त झाली असावी.

बेबीने थंड चुलीकडे बघून चहाचे आधण खाली उतरवून ठेवले. ते जास्त लागले. मडके घेऊन गुलाबकाकाकडे विस्तव आणायला गेलो. गुलाबकाका म्हणजे आमचा सर्वांत जवळचा शेजारी, तीन किलोमीटरवर. गाई चारतो. येताना पळस फुललेला दिसला, थोडे थांबलो. घरी पोचलो तर मडक्यात राख. परत गेलो. गुलाबकाकाने बिडीची आगपेटी माझ्या हातावर ठेवली.

"घे गोपीचंद. हे खिशात ठेवलं का रस्त्यात विझत नाई."

तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मी ती केवळ डबी म्हणून घेतली. आत काड्या आहेत हा भाग वेगळा.

१ मार्च

सिस्टिम जमली. चार दिवस झाले, रोज सकाळी राख उकरली की निखारा जिवंत. प्रश्न फक्त राखेच्या थराचा होता. दोन बोटे. आईकडून मी हे न शिकताच शिकलो असे वाटते.

बेबीला थराबद्दल समजावून सांगितले. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

७ मार्च

टमाटर माकडांनी नेले. वांगी रानडुकरांनी. कोथिंबीर शिल्लक आहे. शरीराला भाजी फार लागत नाही असे माझे निरीक्षण आहे.

सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर आवाज बसला. खोटे बोलणार नाही, ते शील. पहिली तीन व्यवस्थित गेली. धूर फार होतो. धुरांडे करायचे आहे.

दुपारी चुलीजवळची भाताची पितळी गंजी आपोआप खाली आली. तृप्ती दचकली. मी तिला समजावले की पलीकडे मँगनीजची खाण आहे, तिथे सुरुंग लावतात, त्याचा हादरा येतो. विज्ञान.

१४ मार्च

मोह पडायला लागला! घरामागचा मोठा मोह आमच्या वाटणीचा, बापाच्या आधीपासून. मोह वेचायचा तर आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ करावी लागते, नाहीतर फुले पाल्यात हरवतात. खराटा घेऊन गेलो तर जागा आधीच झाडलेली. खोडाभोवती गोल, खराट्याच्या बारीक रेघा, अगदी सारवल्यासारखी.

बेबीला शाबासकी दिली. ती म्हणाली, "मी कायले झाडू? मी त मांगं गेलीच नाई."

मग तृप्ती असेल. पोरीला आता गोडी लागत आहे.

१५ मार्च

तृप्ती नव्हती.

आजही जागा झाडलेली. जंगलात वारा विशिष्ट दिशेने वाहतो, त्यामुळे पाला एका बाजूला जातो. रेघा पडतात त्या मुंग्यांच्या असाव्यात.

संध्याकाळी बेबीने स्पष्ट सांगितले. मोह होईपर्यंत ती इथे राहणार. मोह झाला की ती आणि पोरगी तुमसरला. तिच्या भावाच्या शेजारी खोली रिकामी आहे, तिने निरोपही धाडला आहे. "तुमी याल त या. नाई आले त राहा तुमच्या निखाऱ्यासंग."

म्हणजे माझ्या हातात महिनाभर आहे. तेवढ्यात तिला इथे करमू लागेल. माणसाला कुठेही करमते. आईला नाही का करमले.

मी इथून जाऊ शकत नाही. का, ते नीट सांगता येत नाही. हवा मानवली आहे.

२० मार्च, रविवार

दुपारी दारापुढच्या छपरीतली खाट करकरली. कोणी बसल्यावर करकरते तशी. आम्ही तिघेही आत जेवत होतो. मी म्हणालो, सुरुंग. तृप्ती म्हणाली, "बाबा, रविवारी खाण बंद राहते."

इमर्जन्सी असेल.

जेवताना बेबीने चार ताटे वाढली होती. चौथे कोणाचे म्हणून विचारले तर म्हणाली, "तुमीच त मांडले पाट. चार." मी तीन मांडले होते. मोजायच्या कामात मी बावीस वर्षे काढली आहेत.

आपण बौद्ध आहोत, भूतखेत मानत नाही, हे तृप्तीला पुन्हा एकदा सांगितले. ती म्हणाली, "मी कुठं म्हटलं भूत?"

खरे आहे. तिने म्हटले नव्हते.

२४ मार्च

सकाळी छपरीत गुडाखूचा, तंबाखूच्या त्या ओल्या मिसरीचा, वास. आई गुडाखू लावायची, दात घासायचे निमित्त करून तासभर बसायची. लाकडी घरे वास धरून ठेवतात. दोन वर्षे म्हणजे लाकडासाठी काहीच नाही.

बेबीने माझा पायजमा धुवायला काढला, खिशात गुडाखूची डबी निघाली. अर्धी संपलेली. मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही. गुलाबकाकाची असेल. गुलाबकाकाची डबी माझ्या खिशात कशी, असे तिने विचारले. मला सर्व प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक नाही.

२९ मार्च

बेबीने आज कबुली दिली. निखारा कधीच जिवंत राहत नव्हता. ती रोज माझ्या आधी उठून लायटरने पेटवायची, वरून राख टाकायची, म्हणजे मला वाईट वाटू नये. लायटर तिने नाकाडोंगरीच्या बाजारातून आणला होता.

मला राग आला नाही. थोडा आला.

मग म्हणाली, "पन होळीच्या दिवशी लायटर संपला माया. सहा दिवस झाले. तवापासून आपोआपच जितं राहून राहिलं. मनलं जमलं तुमाले एकदाचं."

मी म्हणालो, हो, जमले.

होळीपासून मी चुलीकडे गेलेलो नाही. धुराचा त्रास होतो म्हणून.

३ एप्रिल

काल निश्चय केला: उजाडायच्या आधी मोहाखाली जाऊन बसायचे आणि झाडणाऱ्याला रंगेहाथ धरायचे. कोणीतरी आमच्या झाडावर हक्क सांगत आहे असा माझा संशय होता.

गेलो. बसलो. मोह टपटप पडत होता, एकेक फूल, जसे कोणी अनवाणी चालत यावे. पूर्व उजळली. एक अस्वल दुरून गेले, त्यानेही मला मान दिला. माणूस कोणी आले नाही.

उजेड झाल्यावर पाहिले, जागा झाडलेली.

एक गोष्ट लिहायची राहिली. खराटा माझ्या हातात होता. टेकायला म्हणून घेतला असावा.

घरी आलो तर तृप्ती दारात उभी. डोळे लाल. म्हणाली, "बाबा, मी आठ दिवसांपासून पाहून राहिली. तुम्हीच झाडता. एक हात कमरेवर ठेवून, पार वाकून. आजी झाडे ना, तसं. खिशातली डबी काढून गुडाखू पण लावता. मग चुलीपाशी बसून राख सारता. अन् सारखं एकच म्हणता."

काय म्हणतो?

"आता येते. आता येते."

पोरीला ताप आहे का बघितला. नव्हता.

४ एप्रिल

झोपेत चालणे हा एक सामान्य प्रकार आहे. पेपरमध्ये कधीतरी वाचले होते. अति प्राणवायूने होत असावे, तुमसरच्या हवेची सवय असलेल्या माणसाला इथली हवा जड जाते.

उपाय: झोपताना उजवा पाय सुतळीने खाटेच्या पायाला बांधायचा. गाठ बेबीने मारायची.

५ एप्रिल

सकाळी पाय मोकळा. सुतळी सोडून, चार बोटांवर नीट गुंडाळून, खुंटीला अडकवलेली. आई सुतळीचा तुकडाही वाया जाऊ द्यायची नाही, अशीच गुंडाळायची.

मी सुतळी गुंडाळत नाही. मी फेकून देतो. बेबी यावरून वीस वर्षे बोलत आली आहे.

उपाय बंद.

७ एप्रिल

आज भर दुपारी, जागेपणी, बेबीला म्हणालो, "सूनबाई, चूल झाक वो."

तिच्या हातातली कणीक तशीच राहिली. मग तिने परातीत बघत, सासूला विचारायची तसेच विचारले, "मामीजी, पानी देऊ का?"

मी हो म्हणालो असे ती सांगते. मला पाणी प्यायल्याचे आठवते.

बेबी घाबरली नाही याचेच मला जास्त वाटते. संध्याकाळी मोह वाळत घालताना म्हणाली, "मामीजी चांगल्या होत्या जी. मायासंग कवा भांडल्या नाई. तुमी भेवता, मी नाई भेवत." मी म्हणालो, कोण भितो?

१० एप्रिल

मोह कमी पडतो आहे. आज जेमतेम अर्धी टोपली. तृप्तीने पिशवी भरून ठेवली आहे. कपडे, मार्कलिस्ट, आरसा.

बेबीने पुन्हा विचारले. येणार की नाही? म्हणालो, इथे कोणीतरी राहायला पाहिजे. ती म्हणाली, "कायले?"

घर एकटे पडेल.

"घर का?" एवढेच म्हणाली आणि उठून गेली.

चौथे शील आजही गेले नाही. आज धूरही नव्हता.

१४ एप्रिल, जयंती

तिघेही नाकाडोंगरीला गेलो. निळे झेंडे, पोरांची लेझीम, विहारापुढे मंडप. मिलमध्ये नोकरी केलेला माणूस म्हणून मला दोन शब्द बोलायला लावले. मी अंधश्रद्धा या विषयावर बोललो. भूत ही मनाची कमजोरी आहे, शिकलेल्या माणसाने कारण शोधावे, असे सांगितले. टाळ्या चांगल्या पडल्या. बेबी माझ्याकडे बघत नव्हती. तृप्ती चपलेकडे बघत होती.

नंतर भोजनाच्या पंगतीत गुलाबकाका शेजारी येऊन बसला. म्हणाला, "चांगला बोलला गोपीचंद. पन एक सांग, कवा जाऊन राहिला तू?"

मी म्हणालो, मी इथेच राहणार. आईसारखा. तिला जी शांती इथे मिळाली तीच मला पाहिजे.

गुलाबकाकाने घास खाली ठेवला.

"कोनं सांगलं तुले, शांती होती म्हनून? बायजाभाबीले या जंगलाचा पार कटाळा आला होता. अस्वलाचा भेव, पान्याचा तरास, बोलाले मानूस नाई. गाठोडं बांधून छपरीत ठेवे. मोह पडाले लागला का रोज सकाळी झाडाखालची जागा झाडे ना मले म्हने, मोह झाला का पोरगा न्याले येते. आता येते. सायबासारखा पोरगा, तेच्या पायाले कचरा लागू नये, म्हने."

मी म्हणालो, काका, भात वाढू का?

"भात ठेव. तू यिथं येऊन राहिला त तिले का भेटलं? तिले त तिकडं जाचं होतं. आता पोरगा आला ना बसला. तो बी उठत नाई ना तिले बी नेत नाई."

बाजूचे लोक ऐकत होते. मी ताटातली डाळ संपवली. भोजन छान होते.

१४ एप्रिल, संध्याकाळ

लिहितो.

२०१२ च्या फेब्रुवारीत आई म्हणाली, मले बी ने तुमसरले. मी म्हणालो, मोहाचा सीझन होऊ दे, मग घ्यायला येतो. दोन खोल्या होत्या, तृप्तीचा अभ्यास होता. ही कारणे तेव्हा खरी होती. मोह झाला. मी गेलो नाही. २०१३ ला पुन्हा तेच म्हणालो. पुन्हा मोह झाला. २०१४ ला तिने विचारले नाही, मीच म्हणालो, यंदा नक्की. मी खोटे बोलत नव्हतो. दर वर्षी जायचेच होते.

त्या वर्षी मोह पुरता व्हायची वेळच आली नाही. गुलाबकाकाला ती झाडाखाली सापडली, झाडलेल्या जागेत. दोन दिवस झाले होते. छपरीतले गाठोडे मी पाहिले. लोकांना सांगितले, धुवायचे कपडे असतील. त्यात नवे लुगडे होते, घडी न मोडलेले.

बेबीला हे सर्व माहीत होते. तिला कोणी सांगितले नव्हते. आत्ता तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "उद्या तुमी नाई आले त मामीजी बी यिथंच राहतीन. तुमी आले त थे बी येतीन. पाहा मंग."

हे मला सुचले नव्हते. दोन महिने मी तिला सोबत करत होतो. तिला सोबत नको होती.

१५ एप्रिल, तुमसर

सकाळी चूल विझवली. पाणी टाकून, मुद्दाम. निखारा चर्रर्र करून काळा पडला. वंदनेत पाचही शीले सरळ म्हटली.

मोहाखाली झाडायला गेलो नाही. रात्रीतून पाला पडला होता. पहिल्यांदा ती जागा इतर झाडांखालच्या जागेसारखी दिसली.

बेबी आणि तृप्ती पिशव्या घेऊन अंगणात उतरल्या. मी दार धरून उभा राहिलो. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. बौद्ध माणसाने रिकाम्या घराशी बोलावे का, याबद्दल माझे मत काल मंडपात सर्वांनी ऐकले आहे. मी म्हणालो, "माय, चाल. न्यायले आलो."

मागून कोणी येत असले की आपण दार धरून ठेवतो, तेवढा वेळ धरले. मग कडी लावली.

रस्त्याने मी नेहमीसारखा भरभर चालत होतो. बेबी मागून ओरडली, "अवो, दमानं चाला ना. सत्तर वर्साची बाई हाय." तृप्ती हसली आणि लगेच रडली. मी दमाने चाललो. दोनदा सावलीत थांबलो. चार किलोमीटरला दोन तास लागले, पहिली गाडी गेली.

दुसरी मिळाली. मी म्हणालो, चार तुमसर. कंडक्टरने डोकी मोजली. "तिघंच त दिसून राहिले जी. चवथा कोन?"

मी पैसे मोजू लागलो. बेबीच म्हणाली, "सासू हाय माई. काढा तुमी."

"कुठी हाय?"

"बसली ना थे खिडकीजवळ."

कंडक्टरने रिकाम्या खिडकीकडे पाहिले, बेबीकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे. शेवटी मशीन हातात घेत म्हणाला, "सिनियर असतीन त कार्ड दाखवा, हाफ लागते." कार्ड नव्हते. मी म्हणालो, फुल काढा.

तीन जणांचा बाक होता. खिडकीशी आई, मध्ये मी, कडेला बेबी. तृप्ती पुढे. गोबरवाहीला गर्दी झाली. एका माणसाने विचारले, "कोनी हाय का यिथं?" मी म्हणालो, आहे. तो उभा राहिला.

खिडकी नेमकी उन्हाची निघाली. तुमसर येईपर्यंत मी हात आडवा धरून बसलो.